तिकीट काढलं, जागा आपली

मागच्या महिन्यात कुरुंद्याला गेले होते. मामेबहिणीची मुलगी वसमतच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे अंगणात गप्पा मारत बसायचो आणि ही पोरगी आतल्या खोलीत, कानात इअरफोन घालून मोबाईलवर सिनेमा बघत असायची. एक सिनेमा तिनं तीन रात्रींत संपवला, कारण मध्येच कुणी ना कुणी हाक मारायचं. मी सहज विचारलं, "थिएटरला लागला होता ना हा? मैत्रिणींबरोबर का नाही गेलीस?"

ती म्हणाली, "खाला, अब्बा सोडत नाहीत. आणि सोडलं असतं तरी मीच गेले नसते."

"का गं?"

"माझी एक मैत्रीण गेली होती भावासोबत. सिनेमा संपल्यावर मागच्या रांगेतल्या पोरांनी घोषणा सुरू केल्या. हिच्या डोक्यावर ओढणी. सगळे वळून वळून हिच्याकडंच बघायले होते. ती म्हणे, पुन्हा नाही जाणार."

मी गप्प बसले. एका वाक्यात तिनं दोन भिंती दाखवल्या होत्या. एक घरातली, दुसरी बाहेरची. आपल्या पोरीबाळी या दोन भिंतींच्या मध्ये, हातभर उजेडाच्या पडद्यावर सिनेमा बघतात.

आपल्या मासिकात आपण शिक्षण, तलाक, वक्फ, आरक्षण, दंगली यांवर लिहितो. संपादकीयात सिनेमागृहाचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक थिएटर घोळतं आहे, जे आज उभंही नाही. मुंबईच्या गिरगावातलं मॅजेस्टिक. भाचीला त्याची गोष्ट मी तिथंच सांगितली. तुम्हालाही सांगावी असं वाटलं.

ही गोष्ट तंबूपासून सुरू होते. सुरतमध्ये जन्मलेले अब्दुलअली युसूफअली नावाचे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक यंत्र, काही रिळं आणि एक तंबू घेऊन देशोदेशी फिरत होते. १९०१ ते १९०७ या काळात त्यांनी ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा, जावा, सिलोन इथं खेळ केले. नंतर ते भारतात फिरू लागले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता; एका वेळी हजारभर माणसं त्यात बसत. सिनेमे तेव्हा मुके होते, छोटे होते. पडद्यावर माणूस चालतो, आगगाडी धावते, एवढंच बघायला लोक गर्दी करत.

१९१४ साली अब्दुलअली मुंबईत स्थिरावले. पुण्यात जन्मलेले अर्देशीर इराणी त्यांचे भागीदार झाले. दोघांनी मिळून आधी अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतलं आणि १९१८ साली गिरगावात मॅजेस्टिक बांधलं. गिरगाव म्हणजे मराठी मध्यमवर्गाचं माहेरघर. चाळी, गणेशोत्सव, नाटकवेडे, छापखाने. तिथं एक गुजराती मुसलमान आणि एक पारशी थिएटर बांधतात आणि त्यात येणारा प्रेक्षक बहुतांश मराठी हिंदू असतो. त्या काळात या गोष्टीचं कुणाला अप्रूप वाटलं असेल असं मला वाटत नाही. मुंबई अशीच घडत होती. अप्रूप आज आपल्याला वाटतं, हीच खरी दुखरी गोष्ट.

याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला. भारताचा पहिला बोलपट. तो इराणींनीच काढला होता. लोकांनी थिएटरभोवती एवढी गर्दी केली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं जात होतं. पडद्यावरचा माणूस बोलतो, गातो, हे ऐकायला लोक आले होते.

तो सिनेमा कुणी घडवला ते बघा. दिग्दर्शक इराणी, पारशी. ज्यांच्या नाटकावर तो बेतला होता ते जोसेफ डेव्हिड पेणकर, बेने इस्रायली ज्यू. म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातले. नायक मास्टर विठ्ठल, मूकपटांचा मराठी तारा. नायिका झुबेदा. सोबत पेशावरकडचे पृथ्वीराज कपूर. आणि त्यातलं पहिलं गाणं गायलं ते फकिराची भूमिका करणाऱ्या वझीर मोहम्मद खान यांनी. देशाच्या सिनेमातला पहिला गाणारा आवाज एका फकिराचा, खुदाच्या नावानं दान मागणारा.

चित्रीकरणाचीही गंमत आहे. स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या जवळ होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. आवाज तर चित्रासोबत तिथल्या तिथंच मुद्रित करायचा होता. म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर काम सुरू व्हायचं आणि पहाटे पहिली गाडी येण्याआधी गुंडाळायचं. मायक्रोफोन नटांच्या जवळपास कुठंतरी लपवून ठेवायचा. अशा चोरून मिळवलेल्या शांततेत हा देश पडद्यावर बोलायला लागला.

तो कुठल्या भाषेत बोलला? हिंदुस्थानीत. तिला कुणी हिंदी म्हणो, कुणी उर्दू. मास्टर विठ्ठल यांना ती भाषा सफाईनं बोलता येत नव्हती, म्हणून त्यांच्या भूमिकेला फारसे संवादच ठेवले नाहीत, असं सिनेमाच्या इतिहासात सांगतात. पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मुका! पण त्यामुळं त्याला कुणी काढून टाकलं नाही, आणि भाषा येत नाही म्हणून गिरगावकरांनी सिनेमाकडं पाठही फिरवली नाही. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठीही पडद्यावर बोलू लागली. दोन्ही भाषांना त्या प्रेक्षकांनी आपलं म्हटलं. दोन्हींत भांडण लावायची कुणाला गरज वाटली नाही.

आपल्या मराठवाड्याला तर हे वेगळं सांगायची गरज नाही. कुरुंदा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. ज्या १९१८ साली गिरगावात मॅजेस्टिक उभं राहिलं, त्याच साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. आमच्या भागातल्या जुन्या घरांत आजही महसुलाचे उर्दू कागद सापडतात; हिंदूंच्या घरांतही. त्या पिढीचे कितीतरी देशमुख, कुलकर्णी उर्दू वाचत होते आणि आमची माणसं शेतात, बाजारात मराठी बोलत होती. कुणाची भाषा कुठली, हे नंतर ठरवून टाकण्यात आलं.

इथवर सांगितल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे सिनेमा आपल्याच लोकांनी सुरू केला!"

मी तिला थांबवलं. वाचकहो, तुम्हालाही थांबवते. हा अभिमान मला समजतो. रोज कुणीतरी आपल्याला परकं ठरवत असताना 'बघा, इथंही आम्ही होतो' असं म्हणावंसं वाटतंच. पण आपली आणि त्यांची नावं मोजायला बसलो की आपण समोरच्याच्याच खेळात उतरतो. तो त्याची यादी काढतो, आपण आपली. मॅजेस्टिकचं मोल यादीत नाही. पारशी, बोहरी, यहुदी, मराठी, पंजाबी माणसं एका कामाला लागली आणि काम करताना त्यांनी एकमेकांची यादी केली नाही, हे त्याचं मोल. आणि अब्दुलअलींनी थिएटर बांधलं म्हणून त्यांच्या लेकीसुनांना तिथं मोकळेपणानं बसता येत होतं असंही समजू नका. गोष्टीचा हा भाग आपल्याला जास्त टोचणारा आहे.

झुबेदाचंच उदाहरण घेऊ. 'आलम आरा' आला तेव्हा ती विशीत होती. तिची आई फातमा बेगम. भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक. १९२६ साली तिनं 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला, स्वतःची फिल्म कंपनी काढली. झुबेदा, सुलताना आणि शहजादी, तिन्ही मुलींना तिनं पडद्यावर आणलं. ज्या काळात बाईच्या भूमिका पुरुष करत होते, चांगल्या घरची बाई सिनेमात जात नाही असं सगळेच धर्म म्हणत होते, त्या काळात एक मुसलमान बाई कॅमेऱ्यामागं उभी राहिली. आज तिचं नाव आपल्या किती मुलींना ठाऊक आहे? आपल्या घरांत तिची आठवण कुणी ठेवली नाही. 'नाचगाण्यातली बाई' म्हणून बाजूला सारली.

पडद्यावर बाई होती, पण पडद्यासमोर बाईची जागा अवघडच होती. देशातल्या अनेक शहरांत स्त्रियांना वेगळी, आडोशाची जागा असे. कुठं जनाना खेळ असत. खेड्यातल्या तंबूत मधोमध दोरी किंवा कनात बांधून बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. तरी बायका यायच्या. सगळ्या नाही.

आमच्या गावात मी पक्कं थिएटर पाहिलं नाही. जत्रेच्या दिवसांत टुरिंग टॉकीज यायची, असं घरची मोठी माणसं सांगतात. नाना रोज रात्री तंबूत. मामा नानांच्या मागं. शेजारच्या पाटलीणबाई, सोनारणी, आळीतल्या सगळ्या बायका पोरांना काखेत मारून जायच्या. आमच्या नानीला परवानगी नव्हती. तंबू घरापासून लांब नव्हता आणि कर्ण्याचा आवाज रात्रीच्या वेळी गावभर यायचा. नानी चूल आवरून ओट्यावर बसायची आणि ऐकायची. जत्रा संपेपर्यंत तिला सिनेमाचे संवाद पाठ व्हायचे, गाण्यांच्या चाली यायच्या. नायक दिसतो कसा, हे मात्र ठाऊक नसायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "सूरत का क्या करना बेटा, आवाज तो घर तक आता ना."

लहानपणी मला ते वाक्य फार गोड वाटलं होतं. आज त्याचा राग येतो. नानीचा नाही. तिनं जे मिळालं त्यातून आनंद काढला. राग याचा येतो की तंबूच्या आत पन्नास पावलांवर जागा होती, पैसे होते, शेजारणी न्यायला तयार होत्या, आणि तरीही ती आयुष्यभर बाहेर बसून ऐकत राहिली. तिला कुणी हाकललं नव्हतं. तंबूवाल्यानं तिला कधी अडवलं नसतं. अडवलं ते आपल्याच माणसांनी.

नानी ओट्यावर बसली. जळगावच्या बायका बसल्या नाहीत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जळगावमध्ये समाजाच्या पुढाऱ्यांनी मुस्लिम स्त्रियांवर सिनेमाबंदी घातली. बायकांनी थिएटरात जायचं नाही. पुरुषांवर अशी बंदी नव्हती. सिनेमा वाईट आहे हे कारण खरं मानलं, तर तो पुरुषाला बिघडवत नाही आणि बाईला बिघडवतो, असा त्याचा अर्थ होतो. छात्र युवा संघर्ष वाहिनीत काम करणाऱ्या रझिया पटेल या तरुण मुलीनं याविरुद्ध आवाज उठवला. आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच माणसांसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या ज्यांनी अनुभवलं असेल त्यांना सांगायला नको. 'चाहूल' या पुस्तकात त्यांनी आपल्या लढ्याची कहाणी लिहिली आहे. ती प्रत्येकानं, विशेषतः मुलग्यांनी, वाचावी.

त्याच काळात, १९८२ साली, बी. आर. चोप्रांचा 'निकाह' आला होता. तलाकच्या तीन शब्दांनी बाईचं आयुष्य कसं विसकटतं, ही त्याची कथा. हमीद दलवाईंच्या नेतृत्वाखाली १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या होत्या. त्यांनी रस्त्यावर मांडलेला प्रश्न सोळा वर्षांनी पडद्यावर आला. ज्या बाईचा तो प्रश्न, तिलाच थिएटरचं दार बंद असेल तर? बंदी फक्त करमणुकीवर नसते. आपल्याबद्दल जग काय बोलतंय ते ऐकण्यावर, आणि चारचौघांत बसून त्यावर मत बनवण्यावर ती असते.

तेव्हाही रझियाताईंना विचारलं गेलं असेल, जसं आज मला विचारलं जाईल: समाजात एवढी गरिबी, एवढं अज्ञान, आणि तुम्हाला सिनेमाची पडली आहे? या प्रश्नाचं उत्तर मला राज्यघटनेत सापडलं. अनुच्छेद पंधराचा दुसरा खंड काढून वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही अशा जागांची तिथं यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं. त्याच खंडात पुढं विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते आहेत.

घटना लिहिणाऱ्यांनी पाणवठा आणि सिनेमागृह एकाच ओळीत बसवलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तहान भागवणं एवढाच प्रश्न नव्हता. या गावात मी माणूस म्हणून मोजला जातो की नाही, हा प्रश्न होता. थिएटरच्या खुर्चीचंही तसंच आहे. तिच्यावाचून कुणी मरत नाही. पण जिथं सगळे बसतात तिथं मला बसता येतं की नाही, यावरून मी या गावची, या देशची आहे की नाही हे ठरतं. आणि त्या यादीत धर्म आहे, तसंच लिंगही आहे, हे विसरू नका. घोषणा देऊन मला उठवू पाहणारा आणि परवानगी नाकारून मला घरी बसवणारा, दोघांनाही ते कलम एकाच वेळी उत्तर देतं.

थिएटर म्हणजे समतेचं मंदिर होतं, असं मी म्हणणार नाही. चार आणेवाला पुढं बाकावर आणि पैसेवाला मागं बाल्कनीत, ही उतरंड तिथं पहिल्यापासून होती. आजच्या मॉलमधल्या थिएटरचे दर पाहिले तर आपल्या बहुतेक घरांसाठी तेच दार बंद करतात. तरी एक गोष्ट त्या जुन्या थिएटरांत होती. खिडकीवरचा माणूस पैसे घ्यायचा, नाव विचारत नव्हता. दिवे गेले की शेजारी कोण बसलंय ते दिसायचं नाही. हजार अनोळखी माणसं एकाच जागी हसायची, एकाच जागी डोळे पुसायची. असं एकत्र रडायला-हसायला आपल्या समाजजीवनात दुसऱ्या जागा फार कमी आहेत.

आता बाहेरच्या भिंतीविषयी. भाचीची भीती खोटी नाही. गेल्या काही वर्षांत असे सिनेमे आले की ज्यांत मुसलमान दिसला म्हणजे तो खलनायकच, आणि ते संपल्यावर थिएटरांत घोषणा झाल्या. अशा जागी मुलीनं एकटीनं जाऊन बहादुरी दाखवावी, असं मी सांगणार नाही. सुरक्षितता ही तिची एकटीची जबाबदारी नाही. थिएटर चालवणाऱ्याची आहे, पोलिसांची आहे आणि त्या सभागृहात गप्प बसलेल्या शंभर जणांचीही आहे. पण भीतीनं आपणच उठून आलो तर ती जागा घोषणा देणाऱ्यांची होते. त्यांना तेच हवं असतं. आणि मग घरातला कर्ता पुरुष म्हणतो, 'बघ, मी सांगत नव्हतो?' दोन्ही भिंती एकमेकींना अशा टेकून उभ्या असतात. एक पाडायची तर दुसरीलाही हात घालावा लागतो.

काही जण म्हणतील, मोबाईलवर दिसतो ना सिनेमा, मग भांडण कशाला? मोबाईलवर भाचीनं सिनेमा पाहिला, हे खरं. पण ती हसली तेव्हा सोबत कुणी हसलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते कुणाला दिसलं नाही. नानी ओट्यावर बसून आवाज ऐकायची, भाचीला आता चेहराही दिसतो. मधल्या पन्नास-साठ वर्षांत एवढीच प्रगती झाली का? दोघीही तंबूच्या बाहेरच आहेत.

मालेगाव बघा. यंत्रमागावर दिवसभर राबणारी माणसं तिथं सिनेमावर जीव टाकतात. तिथल्याच नासिर शेख यांनी मित्रांना जमवून, हाताशी असेल ते वापरून 'मालेगाव के शोले'सारखे सिनेमे काढले. त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२५ साली रीमा कागती यांचा हिंदी चित्रपटही आला. आपल्या समाजात सिनेमाचं प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण त्या सिनेमांत काम करायला गावातली बाई मिळत नसे. बाहेरगावाहून आणावी लागे. कलेचं वेड हराम ठरलं नाही. ते फक्त पुरुषांच्या नावावर केलं गेलं.

आणि मॅजेस्टिक? १९७०च्या दशकात ते पाडलं. तिथं आज त्याच नावाचं दुकानांचं संकुल उभं आहे. थिएटर गेलं, पण नाव मात्र मराठी वाचकांच्या घरात राहिलं. मॅजेस्टिक सिनेमाजवळच्या पदपथावर केशवराव कोठावळे पुस्तकं विकत असत. त्यांच्या दुकानाला आणि प्रकाशनाला तेच नाव लागलं. आज मराठी साहित्यात मॅजेस्टिक म्हटलं की पुस्तकं आठवतात. ते नाव मुळात एका अब्दुलअलीच्या आणि एका अर्देशीरच्या थिएटरचं, हे किती जणांना माहीत असतं?

'आलम आरा'ही गेला. त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पण देशाचा पहिला बोलपट त्यांनाही मिळाला नाही. काही छायाचित्रं आणि जाहिराती तेवढ्या आहेत. तो पुन्हा कुणालाही दिसणार नाही, ऐकू येणार नाही. ज्या गोष्टी आपण आपल्या मानून जपत नाही, त्या अशा जातात. आधी इमारत जाते, मग रिळं जातात, मग ती कुणी बांधली होती तेही विसरलं जातं. त्यानंतर कुणीही उठून म्हणू शकतो की तुम्ही इथले नव्हतातच.

कुरुंदा म्हटलं की महाराष्ट्राला नरहर कुरुंदकर आठवतात. त्यांच्या आडनावातच आमचं गाव आहे. मुस्लिम प्रश्नावर त्यांनी परखडपणे लिहिलं आणि दलवाईंच्या कामाचं मोल जाणलं. त्यांच्या सगळ्याच मतांशी आपण सहमत असू असं नाही. पण प्रश्न आपल्या घरातला असला तरी तो मोठ्यानं विचारायचा, ही शिस्त त्यांच्या लिखाणातून घेण्यासारखी आहे. म्हणून मीही आज घरातलाच प्रश्न विचारते आहे.

तरुण वाचकांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली, आपल्या गावातलं किंवा तालुक्याचं जुनं थिएटर शोधा. चालू असो, बंद असो, पाडलेलं असो. ते कुणी बांधलं, यंत्र कोण चालवायचं, तिकीट किती होतं, बायका कुठं बसायच्या, कोण येत नव्हतं, हे वयस्कर माणसांना विचारून लिहून काढा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, घरात बोलता तशा भाषेत लिहा. आपल्या दादी-नानींना विचारायला विसरू नका. जे आत गेले नाहीत त्यांच्याकडंही सांगण्यासारखं असतं. निवडक लेखन आपण छापू.

दुसरी गोष्ट मुलग्यांसाठी. पुढच्या वेळी सिनेमाला जाल तेव्हा आईला, बहिणीला विचारा, येतेस का? राखणदार म्हणून नाही, सोबत म्हणून. त्या नको म्हणाल्या तर नको. पण विचारा. अब्बांशी बोलायची वेळ आली तर बहिणीला पुढं करून मागं लपू नका.

तिसरी, आपल्या हिंदू मित्रमैत्रिणींना सोबत घ्या. सभागृहात कुणाला असं वागवलं गेलं तर आपण काय करायचं, यावर आधीच बोलून ठेवा. आमच्या गावच्या पाटलीणबाई नानीला न्यायला तयार होत्या. अशी माणसं आजही आहेत. त्यांना हाक मारायला आपण लाजतो किंवा घाबरतो.

निघायच्या दिवशी भाचीनं मला बसस्टँडवर सोडलं. वाटेत म्हणाली, "खाला, दिवाळीत येशील तेव्हा जाऊ का आपण? अम्मीलाही घेऊ." मी म्हटलं, "जाऊ. आणि तुझ्या अब्बांनाही विचारू, येता का म्हणून."

ती जरा दचकली, मग हसायला लागली. अब्बांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.